उन्हात उभी मोटार

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, छत्तीसगडच्या मैदानात, भिलाई हे पोलादाचे शहर वसलेले आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. उष्णतेला कसे आवरावे आणि तिच्यापासून कसे दूर राहावे, हे ज्या गावाला रोजच्या कामातून शिकावे लागले, ते हे गाव होय. परंतु याच गावात मे महिन्याच्या दुपारी रस्त्याच्या कडेला उभी केलेली एखादी मोटार तासाभरात लहानशी भट्टी बनते, आणि तिच्या मालकाला त्याची कल्पना दार उघडेपर्यंत नसते.

हे कसे घडते हे समजले, तर त्यावरचे उपाय कोणी सांगावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

उष्णता आत येते कशी?

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते: वहनाने, अभिसरणाने आणि प्रारणाने. तापलेल्या तव्याची दांडी हाताला लागते, हे वहन. चुलीवरची गरम हवा वर जाते व थंड हवा तिची जागा घेते, हे अभिसरण. भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या चेहऱ्याला जी धग लागते, ते प्रारण. मध्ये कोणी पत्रा धरला, तर ती धग तत्क्षणी थांबते. भोवतालची हवा मात्र पूर्वीइतकीच गरम असते. पोलाद कारखान्यांत भट्टीजवळ काम करणाऱ्यांना चकचकीत, चंदेरी कोट देतात तो याच कारणासाठी. प्रारण अडवावयाचे असेल, तर ते परतवून लावणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

उन्हातील मोटारीत उष्णता मुख्यतः प्रारणानेच शिरते. निरभ्र आकाशातील माथ्यावरचा सूर्य जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट एवढी ऊर्जा ओततो. सूर्यप्रकाशाला काच फारशी अडवत नाही. तो आत येतो, डॅशबोर्ड व आसने यांच्या गडद पृष्ठभागांवर पडतो आणि तेथे शोषला जातो. तापलेले पृष्ठभाग स्वतः प्रारण सोडू लागतात; परंतु हे प्रारण दीर्घ तरंगलांबीचे, अवरक्त असते, व त्याला काच पार होऊ देत नाही. शिवाय बंद दारांमुळे तापलेली हवाही बाहेर पडू शकत नाही.

या दोन कारणांपैकी दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. १९०९ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी दोन पेट्या घेतल्या. एकीवर काचेचे झाकण होते व दुसरीवर अवरक्त किरणांना पार होऊ देणाऱ्या सैंधवाचे. उन्हात दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे पेटीला गरम ठेवते ती प्रामुख्याने कोंडलेली हवा. त्याच्याही पूर्वी, १७६७ च्या सुमारास, जिनीव्हाच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी काचेच्या पेट्यांवर प्रयोग सुरू केले होते. पेटीला उष्णतारोधक आच्छादन दिल्यावर आतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही पुढे गेले. बंद मोटार ही सोस्यूर यांच्या पेटीचीच चाके लावलेली आवृत्ती आहे.

हवा आणि वस्तू

लहान मोटारीच्या आत सुमारे तीन घनमीटर हवा असते. तिचे वजन जेमतेम साडेतीन किलोग्रॅम भरते. काचांतून आत येणाऱ्या ऊर्जेपैकी १००० वॅट एवढी ऊर्जा केवळ या हवेलाच मिळाली, तर तिचे तापमान साधारण एका मिनिटात २० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता आसने, डॅशबोर्ड आणि पत्रा यांत साठते; म्हणून वाढ थोडी सावकाश होते. दारे उघडली की गरम हवा क्षणात निघून जाते, पण दारे लावताच पुन्हा उकडू लागते, याचे कारणही हेच. हवा गेली तरी उष्णतेचा साठा वस्तूंतच राहिलेला असतो.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना, बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. या वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा किंचित उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. ॲरिझोना या वाळवंटी राज्यात केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या मोटारींतील हवा सरासरी ४७ अंशांवर व डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेले होते. सावलीतील मोटारींत हेच आकडे अनुक्रमे ३८ व ४८ होते.

सावली कोठे असेल?

म्हणून पहिला उपाय सावली. परंतु सावली चालते, हे मोटार उभी करताना बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ज्याला लोक नवतपा म्हणतात त्याच दिवसांत, दुपारी बाराच्या सुमारास सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीला सावलीच उरत नाही. सकाळी नऊ वाजता सावली इमारतीच्या पश्चिमेला असते. तीन वाजता ती पूर्वेला गेलेली असते. जो सकाळच्या सावलीत मोटार लावून निश्चिंत होतो, त्याची मोटार दुपारी उन्हात सापडते. तेव्हा मोटार उभी करताना आताची सावली न पाहता, परत येण्याच्या वेळेची सावली पाहावी. भर दुपारी मात्र भिंत कामाची नाही. डोक्यावर पसरणारा कडुनिंबासारखा घनदाट वृक्ष किंवा छप्परच हवे.

इतर उपाय

सावली नसेल तर ऊन परतवून लावावे. पुढच्या काचेस आतून चंदेरी पडदा लावताना चकचकीत बाजू बाहेर ठेवावी. संपूर्ण मोटारीवर बाहेरून पांढरे किंवा चंदेरी आच्छादन घातले तर अधिक उत्तम. कारण मग ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. आतला पडदा थोडा तरी तापतो आणि ती उष्णता आतच राहते.

रंगालाही महत्त्व आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एकाच बनावटीच्या काळ्या व चंदेरी मोटारी शेजारी शेजारी उन्हात ठेवल्या. चंदेरी मोटारीचे छत २५ अंशांपर्यंत थंड राहिले व आतील हवा पाच ते सहा अंशांनी. काचांवर गडद रंग चढवण्याच्या मोहाला मात्र कायद्याची मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे.

परत आल्यावर समोरासमोरची दारे काही क्षण उघडी ठेवावीत. काचा खाली करून थोडे अंतर जावे, आणि कोंडलेली हवा निघून गेल्यावरच वातानुकूलन यंत्र चालू करावे. स्टिअरिंगवर ओले फडके फिरवल्यास ते लवकर निवते. मध्य भारतातील उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने वाफ होते व जाताना उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व हेच. औषधे, सिगारेटचे लायटर आणि दाब असलेले फवाऱ्याचे डबे मोटारीत ठेवू नयेत.

एक नियम, ज्याला अपवाद नाही

वरील सर्व उपाय सोयीसाठी आहेत. मोटारीत बालक असेल तर त्यांतील एकही पुरेसा नाही. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते, आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की उष्माघात होतो. सावलीतील मोटारही तासाभरात ३८ अंशांवर जाते, हे वर आलेच आहे. आणि भिलाईत मेमधील बाहेरची हवाच अनेकदा त्याहून गरम असते. तेथे सावली, पडदा किंवा किंचित उघडी काच यांवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

अशा दुर्घटना निष्काळजी माणसांच्याच हातून होतात असे नाही. रोजच्या धावपळीत मागच्या आसनावर निजलेले मूल प्रेमळ आईबापांच्याही ध्यानातून निसटते. म्हणून स्मरणावर न विसंबता सवय लावावी. हातातील पिशवी मागच्या आसनावर ठेवावी, म्हणजे उतरताना मागचे दार उघडावेच लागते. ‘दोन मिनिटांचेच काम आहे’ असे वाटले, तरी मुलाला बरोबर न्यावे. बंद मोटारीत कोणाचे मूल एकटे दिसले, तर मालकाची वाट पाहू नये. चार माणसे गोळा करून पोलिसांना कळवावे आणि मूल निपचित दिसत असेल तर काच फोडावी. काच पुन्हा बसवता येते.