तारेचा फोन आणि खिशातला फोन

अंकुशनगर हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले ठिकाण. येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम लागला की रस्ते उसाच्या गाड्यांनी भरतात. कोणी शेतात असतो, कोणी तोडीवर, कोणी कारखान्यात पाळीवर. अशा वेळी घरचा निरोप माणसाला कसा पोचवायचा?

पूर्वी तारेचा फोन होता. खांबावरून तार यायची. ती ज्या घरात आली, त्या घरी फोन. खेड्यात असे फोन थोडेच असत. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बाकीचे लोक एस.टी.डी.च्या दुकानात जात. फोन घरात वाजे, पण माणूस शिवारात असला तर? कोणीतरी बांधावर जाऊन हाका माराव्या लागत.

मग मोबाईल आला. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाईलवरून पहिले बोलणे झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीच्या मंत्र्यांशी बोलले. त्या काळी मोबाईल श्रीमंतांचाच. आलेला फोन घेतला तरी पैसे पडत! २००३ सालच्या मे महिन्यापासून ते पैसे बंद झाले. मग गोरगरीबही मोबाईल घेऊ लागले. २००४ साली देशात तारेच्या फोनपेक्षा मोबाईल जास्त झाले. आज मोबाईलच्या जोडण्या १०० कोटींच्या वर आहेत.

लोकांनी तार का सोडली? हिशेब साधा आहे. तारेच्या फोनला दर महिन्याला भाडे. बोला, नाहीतर गप्प बसा. रस्ता खोदताना तार तुटली की फोन मुका. मोबाईलला तार लागत नाही. तो हवेतल्या लहरींनी टॉवरशी बोलतो. म्हणून तो शेतातही वाजतो आणि गाडीतही वाजतो. मात्र आता मोबाईललाही ठराविक दिवसांचे पैसे आधी भरावे लागतात, हे विसरू नये.

तारेच्या फोनचा एक गुण होता. तांब्याच्या तारेतूनच त्याला वीज मिळे. गावची वीज गेली तरी तो चाले. मोबाईलची बॅटरी उतरली की तो बंद.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तारेचा फोन घराचा होता. मोबाईल एका माणसाचा असतो.

समजा, घरात एकच मोबाईल आहे. घरधनी तो खिशात घालून रात्रपाळीला गेला. मागे म्हाताऱ्या सासूच्या छातीत कळ आली. सुनेने काय करावे? जुना फोन कोनाड्यात असता, तर तिने तो उचलला असता. आता तिने अंधारात कोणाचे दार ठोठवायचे?

आम्ही मोबाईलला नावे ठेवत नाही. तो फार उपयोगाचा आहे. पण फोन बदलला, तशी घरची रीतही बदलली पाहिजे. म्हणून आपण एवढे करू या.

१. जमेल तर एक साधा मोबाईल घरातच ठेवू. तो एकट्या पुरुषाचा नाही, साऱ्या घराचा.

२. रात्री दिवे असताना तो भरून ठेवू.

३. घरातल्या प्रत्येक बाईला आणि जाणत्या मुलाला फोन लावायला शिकवू.

४. घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहू. त्यांत १०८ आणि ११२ हेही लिहू. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. ११२ हा कोणत्याही संकटातला नंबर. या दोन्हींना पैसे पडत नाहीत.

५. कोणी तारेचा फोन बंद करणार असेल, तर त्याने बिल चुकते करावे, पावती घ्यावी आणि अनामत परत मागावी.

आता आपल्याला आकडे वाचता येतात, लिहिता येतात. मग आज रात्रीच खडू घ्या आणि भिंतीपाशी बसा. नंबर तुम्ही लिहा आणि घरातल्या माणसांकडून वाचून घ्या.

सांगा पाहू :
१. मोबाईल शेतातही का वाजतो?
२. वीज गेली तरी तारेचा फोन का चाले?
३. तुम्ही बाहेर असताना तुमच्या घरातून कोण फोन करू शकेल?