भावंड शोधण्याआधी

दात्याच्या शुक्राणूपासून किंवा स्त्रीबीजापासून जन्मलेल्या मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी ही गोष्ट कळली, की त्याचा पहिला प्रश्न ‘माझा खरा बाप कोण’ हाच असणार असे आपण धरून चालतो. या वाटेने गेलेल्यांचे अनुभव वाचले तर वेगळेच दिसते. दाता अनेकांना परका वाटतो, कधी त्याची भीतीही वाटते; ओढ लागते ती आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच जन्मलेल्या भावंडांची. अमेरिकेत वेंडी क्रेमर आणि त्यांचा मुलगा रायन यांनी २००० मध्ये अशा भावंडांसाठी नोंदवही सुरू केली आणि तिच्यातून हजारो जणांना आपले कोणी ना कोणी सापडले. तेव्हा ही ओढ खरी आहे, तिला खूळ म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. तरीही अमरावती-अकोल्याकडच्या मुलामुलींना मला एक गोष्ट बजावून सांगायची आहे. तुम्ही ज्या भावंडाला शोधता आहात, त्याला आपण दात्यापासून जन्मलो हे बहुधा माहीतच नसते. तुम्ही ‘मी तुझा भाऊ’ असा निरोप पाठवलात, तर त्याच्या घरात आजवर कोणी न उच्चारलेली गोष्ट पहिल्यांदा तुमच्या तोंडून जाईल. म्हणून आपले दार उघडे ठेवावे, दुसऱ्याचे दार वाजवू नये, असे माझे मत आहे. ते मी नुसत्या सावधपणातून मांडत नाही. त्यामागे कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या देशातल्या व्यवस्थेचे. आज जी मुले किशोरवयात आहेत ती साधारण २००७ ते २०१३ च्या दरम्यान जन्मली. त्या काळात या उपचारांना कायदा नव्हता, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी होती, आणि ती पाळायची सक्ती कोणावर नव्हती. दात्याचे नाव-गाव मुलाला कळता कामा नये, पण मूल सज्ञान झाल्यावर त्याने मागितली तर बाकीची माहिती द्यावी, असे ती तत्त्वे सांगत. मात्र आईवडिलांनी आपणहून सांगावे असे बंधन त्यांत नव्हते. आपल्याकडे त्याचा अर्थ लोकांनी सोयीने लावला. मूल होत नाही हेच जिथे चारचौघांत बोलायचे नसते, तिथे दात्याची गोष्ट आजीला, काकाला किंवा सख्ख्या मामाला सांगण्याचा प्रश्नच येत नाही. गाव सोडून दुसऱ्या शहरात उपचार घेण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते. रक्तगट आणि वर्ण वडिलांशी जुळेल असा दाता निवडायचा, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवणार नाही, हा त्या निवडीमागचा हिशेब. एका दात्यापासून चार घरांत मुले जन्मली असतील, तर त्यांतल्या एखाद्याच घरात ती गोष्ट उघडपणे बोलली गेली असण्याची शक्यता अधिक.

यावर कोणी म्हणेल की आता कायदा झाला आहे, मग चिंता कशाची? २०२१ चा सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. एका दात्याचे बीज एकापेक्षा जास्त जोडप्यांना देता येणार नाही, अशी स्पष्ट अट त्यात आहे. जन्मलेले मूल त्या जोडप्याचेच जैविक अपत्य मानले जाईल आणि दात्याचा त्याच्यावर कोणताही हक्क राहणार नाही, हेही त्यात नमूद आहे. हा कायदा येण्याआधीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये हीच भूमिका घेतली. सख्ख्या बहिणीला स्त्रीबीज दिलेल्या बाईला तेवढ्यामुळे जुळ्या मुलींवर आईचा हक्क सांगता येत नाही, असा तो निर्णय होता. हे सगळे योग्यच आहे. पण नवी अट पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी आहे. जी आज दहावी-बारावीत आहेत, त्यांच्या दात्याचे बीज किती घरांत गेले हे कायद्याने मागे जाऊन मोजलेले नाही. शिवाय कायद्याने आईबापांचे आणि दात्याचे हक्क ठरवले. भावंडांना एकमेकांपर्यंत पोहोचण्याची रीतसर वाट मात्र त्याने दाखवलेली नाही.

खरा गंभीर आक्षेप पुढचा आहे. वऱ्हाडात सोयरीक जुळते ती ओळखीतल्या ओळखीत, बऱ्याचदा जिल्ह्याच्या आतच. परिचय मेळाव्यात मुलामुलींचे बायोडाटा हातोहात फिरतात, त्यावर उंची, रक्तगट, मामेकूळ सगळे लिहिलेले असते. अशा लहान वर्तुळात एकाच दात्याची दोन मुले नकळत समोरासमोर आली तर काय, आणि हा धोका असताना भावंड शोधू नका असे सांगणे बेजबाबदारपणाचे नाही का? धोका काल्पनिक नाही, हे मला मान्य आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा भाऊ-बहिणीचा विवाह निषिद्ध मानतो आणि सापत्न व विवाहबाह्य रक्तनातीही त्यात धरतो. दात्याची कल्पना त्या काळी नव्हती, पण कायद्याचा हेतू स्पष्ट आहे. म्हणजे एका हाताने कायदा नाते निषिद्ध ठरवतो आणि दुसऱ्या हाताने ते ओळखण्याची सोय देत नाही. तरी या धोक्यावरचा उपाय म्हणजे फेसबुकवर चेहरे जुळवत फिरणे नव्हे. लग्न ठरण्याच्या वेळी, दोघांच्या संमतीने, शंका असेल तर डीएनए तपासणी करून घेणे हा नेमका उपाय आहे. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षापासून अशा मुलांना सरकारी यंत्रणेकडे विचारता येते की ज्याच्याशी लग्न करायचे आहे ती व्यक्ती आपल्याच दात्यापासून जन्मलेली तर नाही ना. उत्तर त्या दोघांपुरते राहते, बाकीची घरे शांत राहतात.

भावंड शोधण्यासाठी मात्र डीएनए चाचणीवर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने गालाच्या आतील बाजूची लाळ व्यावसायिक प्रयोगशाळेत पाठवली आणि आडनावाचा धागा व दात्याची जन्मतारीख जुळवून त्याला गाठले. त्या दात्याने स्वतःचा डीएनए कुठेही दिलेला नव्हता. गुप्ततेचे वचन आता कोणीच पाळू शकत नाही, हा त्या घटनेचा धडा. पण तीच युक्ती इथे जशीच्या तशी चालणार नाही. या कंपन्यांच्या साठ्यात भारतीयांची संख्या फार थोडी आहे. दुसरे असे, की एकाच दात्याच्या भावंडांत सरासरी २५ टक्के डीएनए सारखा असतो. काका-पुतण्या आणि आजोबा-नातू यांच्यातही तेवढाच. आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झालेल्या समाजात दूरचे लोकही कागदावर जवळचे दिसू लागतात. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या अनेक जातिसमूहांत हा परिणाम ठळक दिसला. तेव्हा पडद्यावर ‘जवळचा नातेवाईक’ असे आले म्हणजे भाऊच सापडला असे नाही. त्यात खासगीपणाचा प्रश्न आहेच. २०२३ मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. आपला डीएनए देताना आपण न विचारता आईच्या, मावशीच्या, चुलतभावाच्या माहितीचाही तुकडा देत असतो.

रक्तगटावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी तर आणखी जपून असावे. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात रक्तगटाचा धडा झाला की मुले घरी येऊन गणिते मांडतात. ओ आणि ओ गटाच्या आईबापांना ए गटाचे मूल कसे, हा प्रश्न एखाद्या घरात भूकंप करू शकतो. पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो, आणि अशा व्यक्तीच्या मुलाचा गट ए किंवा बी येऊ शकतो. शिवाय जुन्या कार्डावर रक्तगट चुकीचा नोंदलेला असणे ही तर रोजची गोष्ट. तेव्हा एवढ्या पुराव्यावर आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

आरोग्याचे काय, असा आणखी एक रास्त प्रश्न आहे. युरोपात डेन्मार्कच्या एका बीजपेढीतील दात्याच्या काही शुक्राणूंत कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकदोष होता. तो स्वतः निरोगी होता आणि त्याला याची कल्पना नव्हती. त्याच्यापासून किमान १९७ मुले जन्मल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. अशा वेळी सर्व घरांना खबर जाणे जिवाशी निगडित असते. पण ती खबर पोहोचवण्याचे काम बीजपेढीचे आणि उपचार केंद्राचे आहे, कारण घरांची यादी त्यांच्याकडे असते. सतरा वर्षांच्या मुलाने ते ओझे डोक्यावर घेऊ नये. त्याला आपल्या स्वतःच्या तब्येतीची काळजी मात्र आजच घेता येते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी लग्नाआधी करून घेतली, तर दात्याचे नाव कळो न कळो, तो प्रश्न सुटतो.

मग माझ्या म्हणण्याचा अर्थ मुलांनी तोंड मिटून बसावे असा होतो का? तसा काढला तर तो माझ्या म्हणण्याच्या नेमका उलटा होईल. भावंडाच्या घरात शांतता राखायची म्हणून स्वतःच्या घरातही गप्प राहायचे, असे मी म्हणत नाही. लपवणुकीची किंमत मूलच मोजते. कर्णाला आपले भाऊ कोण हे कळले ते युद्ध उभे ठाकल्यावर, जेव्हा त्या ज्ञानाचा काहीच उपयोग उरला नव्हता. केंब्रिज विद्यापीठाच्या सुझन गोलोम्बोक यांनी अशा कुटुंबांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. दात्यापासून झालेली मुले इतरांइतकीच सुखरूप वाढली. आणि ज्यांना सातव्या वर्षाच्या आत सांगितले होते, त्यांची आईशी नाती पुढे अधिक चांगली राहिली. आईबापांची भीती असते की सांगितले तर लेकरू दुरावेल. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अनाथ, अपंग मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. त्या मुलांपासून त्यांचे मूळ कोणी लपवलेले नाही, आणि त्यांचे बाप शंकरबाबाच आहेत. २०२४ ची पद्मश्री त्यांना मिळाली. पण वऱ्हाडाने त्यांना बाप म्हणून त्याआधीच मान्य केले होते.

म्हणून मुलांना माझे सांगणे असे. सुरुवात घरातून करा आणि ती भांडणाच्या भरात करू नका. आईबाबा दोघे बसलेले असताना विचारा. बोलणे जमत नसेल तर समुपदेशकाला मध्ये घ्या. उपचाराची फाईल, केंद्राचे नाव, वर्ष, दाता क्रमांक असेल तर तो, एवढे जपून ठेवा. केंद्रे बंद पडतात, डॉक्टर निवृत्त होतात, जुने कागद रद्दीत जातात; तुमच्या घरातली फाईल हाच बहुधा शेवटचा पुरावा असेल. दात्याबद्दलची नाव-गाव सोडून बाकीची माहिती अठरा पूर्ण झाल्यावर केंद्राकडे लेखी मागा. अठराच्या आत कुठेही डीएनए पाठवू नका. पुढे पाठवलात आणि जुळणी आली, तरी पहिल्या निरोपात नात्याचा उच्चार नको. ‘माझ्याशी बोलायला आवडेल का’ एवढेच विचारा आणि उत्तर आले नाही तर तेही उत्तर समजा. त्या व्यक्तीच्या नातेवाइकांना, कॉलेजातल्या मित्रांना कधीही विचारू नका. आणि कोणी स्वतःला भाऊ म्हणवून भेटायला बोलावले, तर आईबाबांना सांगितल्याशिवाय जाऊ नका.

दत्तक मुलांसाठी आपल्या देशात मूळ शोधण्याचे नियम आहेत. त्यात जन्मदात्यांचा खासगीपणा राखला जातो आणि तिसऱ्या माणसाला परस्पर शोध घेता येत नाही. ब्रिटनमध्ये एकाच दात्याच्या भावंडांसाठी अठराव्या वर्षापासून नोंदवही आहे. दोघांनीही आपणहून नाव घातले तरच दोघांची गाठ घालून दिली जाते. अशी नोंदवही भारतात अशक्य नाही, कारण २०२१ च्या कायद्याने केंद्रांची आणि पेढ्यांची राष्ट्रीय नोंदणी उभी केलीच आहे. तिच्यात भावंडांसाठी, दोन्ही बाजूंच्या संमतीवर चालणारा एक कप्पा जोडावा आणि २०२२ पूर्वीची कागदपत्रे नष्ट करण्यास मनाई करावी, ही मागणी अमरावती-अकोल्याच्या खासदारांनी, डॉक्टरांच्या संघटनांनी आणि खुद्द आईबापांनी लावून धरली पाहिजे. तोवर आईबापांनो, फाईल फाडू नका, आणि लेकराला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा.