तोटीचा हिशेब : 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना

महात्मा फुल्यांवरचा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत एकदा तरी लिहिलेला आहे. जन्म १८२७, मुलींची शाळा १८४८, सत्यशोधक समाज १८७३, 'महात्मा' ही पदवी १८८८, निधन १८९०. चार मुद्दे, दोन टाळ्यांची वाक्यं, झाला निबंध. यात खोटं काहीच नाही. पण मित्रांनो, या निबंधात एक माणूस गाळला गेला आहे आणि तो नेमका आपल्या लाइनचा आहे.

जोतीराव फुले हे कंत्राटदार होते. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' या नावाने त्यांचा व्यवसाय होता. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल ही कामं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहेत. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा त्या कामाला साहित्य पुरवण्याचं कंत्राटही त्यांनी घेतलं होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. समाजसुधारक हा शब्द तिथे नाही. शिवाय हडपसरजवळ मांजरीला त्यांची शेती होती. म्हणजे धरणाच्या भिंतीपाशी कंत्राटदार आणि खाली रानात शेतकरी, अशी पाण्याची दोन्ही टोकं या माणसाने पाहिली होती. 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना हे डोक्यात ठेवलं तर पुस्तक एकदम वेगळं दिसायला लागतं.

पुस्तक १८८३ मध्ये पुरं झालं. एकूण पाच प्रकरणं. असूड म्हणजे चाबूक, आणि नावाप्रमाणे तो शेतकऱ्याच्या हातात आहे, पाठीवर नाही! सुरुवातीच्या, विद्येविषयीच्या ओळी सगळ्यांना पाठ असतात, भिंतीवर रंगवलेल्या असतात, पण त्या या पुस्तकातल्या आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू' पत्रात छापली गेली आणि पुढे संपादकांनी हात आखडता घेतला. 'दीनबंधू' काही विरोधकांचं पत्र नव्हतं, चळवळीतलंच होतं. जोतीराव त्यावर चांगलेच चिडले. मग त्यांनी काय केलं, तर पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी हे लिखाण लोकांपुढे वाचून दाखवलं. बडोद्याला खुद्द सयाजीराव महाराजांनी ते ऐकलं. पुढे १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' निघालं, त्यात ते सगळ्यांच्या हाती आलं.

वाचायला सोपं आहे का? नाही. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. भटजी, कुलकर्णी, गोरे कामगार, कोणालाच सोडलेलं नाही. इतिहासाचे भाग आजच्या संशोधनाशी ताडून वाचावे लागतात. मला स्वतःला दुसरं प्रकरण दोनदा अर्ध्यावर सोडावं लागलं. पण पाण्याचा विषय येतो तिथे लेखक बदलतो. तिथे साइटवर उभा राहिलेला माणूस बोलू लागतो.

त्यांची तक्रार साधी आहे. पाटबंधारे खातं पाणीपट्टी पुरी वसूल करतं, पण पाणी पुरेल की नाही याची हमी कोणी देत नाही. पीक वाळलं तर नुकसान शेतकऱ्याचं, इंजिनियरचा पगार मात्र चालू. यावर नुसती टीका करून ते थांबत नाहीत, उपाय सांगतात: प्रत्येक शेताला लागणाऱ्या पाण्याच्या मानाने एकेक तोटी बसवून द्यावी.

हे वाक्य मी आधी पटकन वाचून पुढे गेलो होतो. मग हायड्रॉलिक्सच्या जर्नलमध्ये कालव्याचं गणित लिहिताना ते आठवलं. आपण काय काढतो? कालव्याच्या मुखाशी विसर्ग किती, उतार किती, वेग किती. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या की गणित सुटलं. पण पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, तिथून चारीत, चारीतून शेतात जातं. वाटेत काही झिरपतं, काही वाफ होऊन उडतं, काही वरच्या अंगाचे ऊसवाले ओढतात. 'टेलचा शेतकरी' हा शब्द ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना समजावून सांगायला नको. पाळी कागदावर येते आणि पाटकऱ्याच्या मागे रात्रभर बॅटरी घेऊन फिरावं लागतं. तोटी म्हणजे या शेवटच्या टोकाला मोजून दिलेलं पाणी. जोतीरावांनी हिशेब मुखापासून न मांडता शेतापासून मांडला. महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी देण्याचा कायदा झाला तो २००५ साली. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

दुसरा उपाय पावसाच्या पाण्याचा. लष्करातल्या आणि पोलीस खात्यातल्या फाजील शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, ते अशा बेताने की पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मग ओढ्या-नाल्याला मिळावं. छोटा हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटरची एकच सर पडली तर साधारण १०१ घनमीटर पाणी, म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर! ते तासाभरात वाहून जातं आणि उन्हाळ्यात त्याच गावात टँकरची वाट बघतात. पाणलोट क्षेत्र विकासात आज 'माथा ते पायथा' म्हणून जे शिकवतात त्याचा गाभा इथे आहे.

पण मला जास्त आवडलं ते त्यांचं मातीबद्दलचं निरीक्षण. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे-जनावरं यांचं कुजलेलं सत्त्व पावसाबरोबर वाहून जातं, जमिनी रोड होतात. म्हणून तलावातला गाळ काढून पुन्हा शेतात घालावा, असं ते सांगतात. मातीचं पृथक्करण करणारी लॅब त्यांच्याकडे नव्हती. पाहून कळलेलं आहे हे. जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यांना बक्षिसं द्यावीत, असंही एक कलम आहे. पाणाड्यांवर माझा काडीइतका विश्वास नाही, पण भूजल शोधायला सरकारने पैसा खर्चावा हा मुद्दा बरोबरच आहे.

एक शंका मात्र राहते. हे सगळं करायचं कोणी? सरकारने. ज्या सरकारच्या कामगारांवर चार प्रकरणं आसूड ओढला, त्याच सरकारपुढे पाचव्यात यादी ठेवली आहे. मला वाटतं, हा विरोध त्यांना दिसत होता. सरकारी कामं आतून कशी चालतात हे कंत्राटदाराइतकं कोणाला कळणार? म्हणूनच बहुधा ते कोणाच्या चांगुलपणावर विसंबत नाहीत. तोटी मागतात.

वाचायचं असेल त्यांच्यासाठी: समग्र वाङ्मयाचा खंड जाडजूड आहे, पाहून घाबरू नका. सबमिशनची घाई असेल तर सरळ पाचवं प्रकरण उघडा, उपाय सगळे तिथे आहेत. पण मग मागे येऊन चौथं वाचा. त्यात कलेक्टरच्या तंबूवरून परतलेला एक शेतकरी आहे आणि त्याच्या घराचं वर्णन आहे. एकेक वस्तू मोजून मांडलेली, सर्व्हे केल्यासारखी. ते वाचल्यावर पाचवं पुन्हा वाचावंसं वाटेल.