लिंबाचं बी फेकू नका, मोसंबीचं लावू नका

सरबत गाळताना लिंबाच्या बिया आपण सरळ उकिरड्यावर टाकतो. या वेळी दहा-बारा बाजूला काढा. कागदी लिंबाची रोपं बियांपासूनच करतात, आणि ते घरी सहज जमतं.

लिंबू मात्र झाडावरच पिवळं झालेलं घ्या, आणि तेही दरवर्षी भरपूर लागणाऱ्या झाडाचं. बिया राखेने चोळून चिकटपणा धुवा, थोडा वेळ सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. इथेच बऱ्याच जणी चुकतात. वाल-भोपळ्याचं बी आपण वाळवून गाडग्यात जपतो, पण लिंबाचं बी पार वाळलं की उगवत नाही.

दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली भोकं पाडा. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, बी अर्धा इंच खोल. दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. एकाच बीतून दोन-तीन कोंब आले तर नवल नाही. त्यातले जोमदार बहुतेक वेळा आईच्या झाडासारखेच निघतात. एक ठेवा, खुरटलेलं उपटा. पानावर पाखराच्या शिटेसारखी अळी दिसली की लगेच हाताने वेचा, नाहीतर रोपाच्या नुसत्या काड्या राहतात. वर्षाचं रोप जागेवर लावलं, तर चौथ्या-पाचव्या वर्षी लिंबं दिसू लागतात.

आता मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मग तिचंच बी लावू की, असं कुणीतरी म्हणणारच. नको. फळ मोसंबीचं येईलही, पण सात-आठ वर्षं वाट बघायला लावून. झाड उंच, काटेरी, आणि मुळं लवकर कुजतात. म्हणून जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या रोपावर मोसंबीचा डोळा भरतात.

गटाला काम मिळेल ते इथे. जंबेरीची रोपं बियांपासूनच होतात, साधारण वर्षभरात पेन्सिलीएवढी जाड होतात आणि हिवाळ्यात डोळा भरता येतो. हात बसेपर्यंत काही रोपं वाया जाणार, हे धरून चाला. शिकायचं असेल तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

कलम विकत घेणार असाल, तर खुंट कोणता ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण चूक कळेपर्यंत पाच वर्षांचं पाणी गेलेलं असतं. जोड मातीपासून वीतभर वर हवा. लावताना तो गाडला गेला तर डिंक्या लागतो.