यंत्राचा दुभाषी आणि स्वयंसेवकांचे मनोधैर्य

संगणक आपणांस एकसंध यंत्र भासतो. वस्तुतः तो अनेक स्वतंत्र उपकरणांचा मेळ असतो. पडदा, कळफलक, छपाईयंत्र, बिनतारी जोडणीची चिप ही प्रत्येक वस्तू वेगळ्या कारखान्यात घडते आणि वेगळ्या संकेतांना प्रतिसाद देते. या सर्वांवर नियंत्रण ठेवणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम. परंतु प्रत्येक उपकरणाचे संकेत तिला ठाऊक नसतात. म्हणून दोहोंमध्ये एक दुभाषी नेमावा लागतो. ‘हे पान छाप’ ही सर्वसामान्य आज्ञा तो त्या विशिष्ट छपाईयंत्राच्या संकेतांत सांगतो आणि ‘कागद संपला’ हे यंत्राचे उत्तर परत आणून देतो. या दुभाष्यास ड्रायव्हर म्हणतात.

हा दुभाषी घडवितो कोण? विंडोजसारख्या बहुप्रचलित कार्यप्रणालीसाठी उपकरणाचा निर्माताच तो पुरवितो, कारण त्यावाचून त्याचा माल खपणार नाही. पर्यायी कार्यप्रणालींची स्थिती वेगळी आहे. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सचे कित्येक ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिले. निर्मात्याने उपकरणाची तांत्रिक माहिती दिली, तर हे काम कष्टाचे असले तरी सरळ असते. माहिती नाकारली गेली, तर मूळ ड्रायव्हर व उपकरण यांच्यात होणारी संकेतांची देवाणघेवाण टिपून तिचा अर्थ लावीत बसावे लागते. दोन परक्या माणसांचे संभाषण दाराआडून ऐकून त्यांच्या भाषेचे व्याकरण रचावे, तसाच हा प्रकार होय.

मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचे एक मूळही अशाच अडचणीत सापडते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे छपाईयंत्र आले. जुन्या यंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांस तशी सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या यंत्राच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मात्र त्यांना मिळू शकला नाही. ज्याच्याजवळ तो होता, तो गुप्ततेच्या कराराने बांधलेला होता. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे हाही अनुभव होता.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली प्रसृत केली. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तीवर ती आधारलेली आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणक वापरता यावा, हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक. अक्षरांचे वळण, कळफलकाची मांडणी, सूचनांचे भाषांतर ही कामे आपल्या हातची होती. आपले ज्ञान आणि परिश्रम त्यांस पुरेसे होते. परंतु देवनागरीत सुबक लिहिलेले पत्र कागदावर उतरवावयाचे, तर छपाईयंत्राचा ड्रायव्हर हवा. आणि त्याची किल्ली अन्यत्र असते.

या परावलंबनाचे स्वरूप नोएडाकडे पाहिले असता स्पष्ट होते. या नगरीच्या सेक्टर ६२ मध्ये सी-डॅकचे केंद्र आहे. आणि याच नगरीत सॅमसंगच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचे उद्‌घाटन २०१८ मध्ये झाले. संगणकशास्त्राचे जाणकार आणि उपकरणांची जुळणी करणारे हात एका शहरात नांदतात. तथापि उपकरण जुळविणे आणि त्यातील चिपची भाषा जाणणे या भिन्न गोष्टी होत. ती भाषा चिपच्या रचनाकाराकडे असते. कारखाना आपल्या भूमीवर आला, म्हणजे ती आपोआप खुली होत नाही.

येथे मनोधैर्याचा प्रश्न उपस्थित होतो. वापरणाऱ्यास कार्यप्रणालीची हजार अंगे नीट चाललेली दिसत नाहीत. न चालणारे एक छपाईयंत्र मात्र दिसते. दोष निर्मात्याच्या मौनाचा, पण ठपका स्वयंसेवकावर येतो. ॲपलच्या नव्या संगणकांवर लिनक्स चालविणाऱ्या ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पात हे प्रकर्षाने दिसून आले. निर्मात्याचे दस्तऐवज हाती नसताना त्याच्या कार्यकर्त्यांनी ड्रायव्हर सिद्ध केले. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रकल्पाचे प्रमुख हेक्टर मार्टिन यांनी पद सोडले. वापरणाऱ्यांच्या न संपणाऱ्या मागण्या, लिनक्सच्या मूळ प्रकल्पातील मतभेद आणि त्यांतून आलेला थकवा ही कारणे त्यांनी सांगितली. पुढे सहकाऱ्यांनी सामूहिक नेतृत्वाखाली काम चालू ठेवले. भार एका खांद्यावर न राहता वाटला गेला, तरच असे कार्य टिकते, हा यातील बोध.

यावर उपाय कोणते? पहिला उपाय निर्मात्यांशी सहकार्याचा. २००७ मध्येच ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांपुढे प्रस्ताव ठेवला: तुम्ही माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. ब्रॉडकॉम कंपनीने २०१० मध्ये आपल्या काही बिनतारी चिपांचा ड्रायव्हर स्वतःहून खुला केला. दुसरा उपाय तडजोडीचा. डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान करून, उपकरणांना लागणाऱ्या काही बंदिस्त आज्ञावली अधिकृत स्थापनासंचात समाविष्ट करण्याचे ठरविले. २०२३ च्या आवृत्तीपासून ते अमलात आले. तत्त्वाला मुरड पडली, असे काहींना वाटले. पण नवख्या माणसाचा संगणक पहिल्याच दिवशी जाळ्याशी जोडला जाऊ लागला. तिसरा उपाय ग्राहकाच्या हाती आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. शासकीय यंत्रखरेदीतील ड्रायव्हरांविषयीही स्वतंत्र धोरण आखले. मोठा खरेदीदार निविदेतच लिनक्सचा ड्रायव्हर मागेल, तर निर्मात्याला मौन परवडणार नाही.

सामान्य वापरणाऱ्यासही येथे कर्तव्य आहे. शाळेसाठी वा कार्यालयासाठी छपाईयंत्र घेण्यापूर्वी ते आपल्या कार्यप्रणालीवर चालते की नाही, याची खात्री करून घ्यावी. बिघाड कळविताना केवळ ‘चालत नाही’ असे लिहू नये. उपकरणाचे नाव, नमुन्याचा क्रमांक, कार्यप्रणालीची आवृत्ती, पडद्यावर उमटलेला संदेश आणि आपण करून पाहिलेले उपाय क्रमाने लिहावेत. तसेच जे उपकरण विनासायास चालले, त्याचीही नोंद पाठवावी. अशी नोंद पुढच्या ग्राहकास मार्ग दाखविते आणि ज्याने अनेक रात्री जागून तो दुभाषी घडविला, त्याचे श्रम सार्थकी लागल्याचे त्यास कळविते.