सेवेला लागलेले घराणे

(अभ्यासपाठ)

वाचन : १ करिंथ १:१६, १६:१५-१८, यिर्मया २९:४-७, गलती ६:१०

प्रेषित पौलाने इफिसाहून करिंथ येथील मंडळीला जे पहिले पत्र पाठविले, त्याच्या शेवटच्या अध्यायात स्तेफनाच्या घराण्याचा उल्लेख आहे. (रक्तसाक्षी स्तेफन तो हा नव्हे, मूळ ग्रीक भाषेत ही दोन नावे किंचित वेगळी आहेत.) करिंथच्या मंडळीत तट पडले होते. भाऊ भावाला न्यायालयात खेचीत होता आणि प्रभुभोजनाच्या वेळीही कोणी तृप्त, तर कोणी उपाशी राहत असे. अशा मंडळीपुढे पौल एखाद्या नामांकित वक्त्याचा नव्हे, तर एका कुटुंबाचा कित्ता ठेवतो.

१. एक घर, अनेक हात

मूळ वाक्यात 'घराणे' हा शब्द एकवचनी आहे, आणि ते अखयाचे प्रथमफळ 'आहे' हे क्रियापदही एकवचनी आहे. सेवेची गोष्ट येताच मात्र क्रियापद अनेकवचनी होते. असा बदल ग्रीक भाषेत विरळा नाही; तरी त्यातून सुचणारा विचार मोलाचा आहे. घर एक असले, तरी सेवा त्यातील माणसांनी करावयाची असते. त्या काळच्या घराण्यात मुलेबाळेच नव्हे, तर नोकरचाकर व दासही मोडत.

आज आपल्याकडे काय दिसते? आई महिला मंडळात, मुलगा तरुण संघात, धाकटी संडेस्कूलमध्ये आणि वडिलांची सेवा वर्गणीच्या पावतीपुरती. प्रत्येक जण काही करतो. परंतु सारे घर मिळून काय करते, या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर नसते.

२. स्वतःला नेमून घेणे

पौलाने वापरलेले क्रियापद सैनिकाला त्याच्या जागी उभे करणे, कामावर नेमणे अशा अर्थाचे आहे. मराठीत आपण 'वाहून घेणे' म्हणतो. त्यात भक्तिभाव उत्तम उतरतो, पण नेमणुकीची शिस्त तितकीशी दिसत नाही. या घराण्याला कोणत्याही समितीने नेमले नव्हते. त्यांनी स्वतःच स्वतःला नेमले. नाताळात एकदा कपडे वाटणे चांगलेच. पण ती भावनेची लाट असू शकते. नेमणूक म्हणजे ठरलेला वार, ठरलेले काम आणि प्रत्येकाची ठरलेली जागा.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुलाकडे औषधोपचार होता, तर आई रुग्णांना तेथवर आणून त्यांची शुश्रूषा करी. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई निवर्तल्या. काम एकच होते, जागा मात्र दोघांच्या वेगळ्या होत्या.

३. कोणाची सेवा?

स्तेफनाच्या घराण्याने पवित्र जनांची सेवा केली. पण पौलच गलतीकरांस सर्वांचे बरे करण्यास सांगतो आणि त्यांत विश्वासणाऱ्यांना विशेष स्थान देतो. यिर्मया तर बाबेलात नेलेल्या लोकांना त्या परक्या नगराचे हित साधण्यास सांगतो. त्याच्या पत्रात आधी घरे, बागा, विवाह व लेकरे येतात आणि मग नगर येते. इंदूर, बडोदे, भिलाई वा बंगळूर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. ज्या गावाने आपल्याला भाकर दिली, त्या गावाचे आपण देणे लागतो.

४. घराने मिळून काय करावे?

अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखविणारे व परीक्षेत त्यांच्यासाठी लिहिणारे लेखनिक हवे असतात. आजोबांनी वाचावे आणि शाळेच्या नियमांत बसत असेल तर नातवाने लेखनिक व्हावे. घरातील अठरा वर्षांवरील निरोगी मंडळींनी एकत्र रक्तदानास जावे. पुरुषांनी तीन व स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर राखावे.

नेत्रदान तर खऱ्या अर्थाने घराण्याची सेवा आहे. संकल्प एक जण करतो. तो पुरा करणे मात्र मागे राहणाऱ्यांच्या हाती असते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके किंचित उंच ठेवावे आणि नेत्रपेढीला ताबडतोब कळवावे. दुःखाच्या त्या घटकेला ही सिद्धता आयत्या वेळी होत नाही. म्हणून हा विषय कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळीच, सर्वांच्या देखत बोलून ठेवावा.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. घरातील आजारी वा वृद्ध माणसाला टाकून बाहेर सेवा करू नये (१ तीमथ्य ५:८). तसेच घेणाऱ्याला ओशाळे वाटेल असा गाजावाजा करू नये (मत्तय ६:१-४).

मननासाठी प्रश्न

१) आमचे घर मिळून कोणती एक सेवा नियमाने करते?
२) त्या सेवेत सर्वांत लहानाची व सर्वांत वृद्धाची जागा कोणती?
३) आमच्या गल्लीतील कोणती उणीव आम्ही भरून काढू शकतो?

स्तेफन व त्याच्या दोन सोबत्यांच्या येण्याने आपला जीव ताजातवाना झाला, असे पौल लिहितो. प्रिय वाचकहो, आपल्या घराची माणसे दाराशी आली म्हणजे शेजाऱ्यालाही तसेच वाटावे. या आठवड्यात कुटुंबासह बसा, एक काम व एक वार ठरवा, आणि ते प्रार्थनेने प्रभूच्या हाती द्या.