एकच खोका, दोन खेळ

‘१ ते ४ खेळाडू’ असं खोक्यावर छापलेलं असतं. एकट्यालाही चालेल आणि घरभर मिळूनही, असा आपला समज होतो. चालतं, पण दोन्ही एकाच खोक्यातून चालत नाही, हे आमच्या सिंगापूरमधल्या बेडोकच्या घरात भांडण झालं तेव्हा कळलं.

खेळ होता ‘ग्लूमहेवन: जॉज ऑफ द लायन’. २०१७ च्या मूळ ‘ग्लूमहेवन’चा खोका जवळजवळ १० किलोचा. इथल्या फ्लॅटमध्ये तो ठेवायचा तर तांदळाचा डबा बाहेर काढावा लागेल! २०२० मध्ये आलेला हा धाकटा अवतार मात्र आटोपशीर. चार वीर, पंचवीस मोहिमा, आणि मोहिमांच्या पुस्तकाचं उघडलेलं पान हाच पट. पहिल्या पाच मोहिमांत नियम हळूहळू शिकवत नेतात, त्यामुळे नवखेही दमत नाहीत.

शनिवारी रात्री आम्ही चौघं बसायचो. शाळेला सुट्टी लागली आणि थोरला एकटाच पुढे खेळत सुटला. या खेळात मोहीम जिंकली की नकाशावर स्टिकर चिकटतो, सोनं आणि अनुभव वीराच्या कागदावर चढतो, गोष्ट पुढे सरकते. शनिवारी धाकटीने नकाशा उघडला आणि रडायलाच लागली, “दादा, तू आमची गोष्ट संपवलीस!” दादा म्हणाला, “अगं, तुमच्यासाठीच सोनं जमवलं.” दोघंही खरंच बोलत होती.

चौघांत खेळताना प्रत्येकाने दोन पत्ते निवडायचे, एकाचा वरचा भाग वापरायचा, दुसऱ्याचा खालचा. पत्त्यावरचे नेमके आकडे मात्र एकमेकांना सांगायचे नाहीत. सगळी गंमत त्या अंदाजात आहे. (सगळ्यांना हुकूम सोडणाऱ्या बाबांवर हा नियम उत्तम औषध आहे.) एकट्याने खेळताना किमान दोन वीर आपणच चालवायचे. तेव्हा दोन्ही हात आपल्यालाच दिसतात, म्हणून नियम मोहीम एका पातळीने अवघड करायला सांगतो. थोरला कोडं सोडवत होता. धाकटी गोष्ट ऐकायला यायची.

म्हणून खोका फोडण्याआधीच ठरवा, तो घराचा की एकाचा. घराचा असेल तर स्टिकर चिकटवूच नका, वहीत नोंद ठेवा. परत काढता येणारे स्टिकरही वेगळे मिळतात. कुणाची परीक्षा असेल तर त्याच्यावाचून खेळता येतं, कारण राक्षसांची संख्या वीरांच्या संख्येवर ठरते. पण त्याला आधी विचारा. पुढे खेळलेल्या मोहिमा आम्ही चौघांनी पुन्हा खेळलो, दादाने काही फोडायचं नाही या अटीवर. ती अट त्याने फार पाळली नाही.

एकट्याची हौस वेगळ्या, छोट्या खेळावर भागवा. ‘मिनी रोग’ मुळात नऊ पत्त्यांचा घरी छापायचा खेळ होता. आता त्याचा छोटा खोका मिळतो. तीन बाय तीन पत्त्यांचं भुयार, एक किंवा दोन खेळाडू, साधारण अर्धा तास. परदेशातून मागवताना ९ टक्के जीएसटी आणि पाठवणावळ आधीच धरा.

आणि ईस्ट कोस्ट पार्कात बार्बेक्यूला जाताना यातलं काहीच नेऊ नका. समुद्राचा वारा पत्ते उडवतो आणि तेलकट बोटं उरलेले खराब करतात. घरीसुद्धा इथल्या दमटपणाने पत्ते वाकतात. प्लास्टिकची पाकिटं चढवा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदलत राहा.